संकटात देवाचा धावा: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आमच्या ख्रिस्ती प्रार्थना गटाकडे फोन येतात, चिठ्ठ्या येतात, रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप येतात. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून, उसाच्या फडावरून, परीक्षेच्या निकालानंतर, पिकात पाणी शिरल्यावर. बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची नावं-गावं काढली आहेत, शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. उत्तरं लिहिताना कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि स्वतंत्र मंडळ्या असे सगळेच वाचक डोळ्यांसमोर होते. जीव नकोसा झाला असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १३ वाचा.

१. संकटात देवाला हाक मारायची म्हणजे नेमकं काय करायचं? मला तर शब्दच सुचत नाहीत.

सुचत नसेल तर तेच देवाला सांगा. यहूदाचा राजा यहोशाफाट याच्यावर तीन शत्रू एकदम चालून आले, तेव्हा त्याने बायका-लेकरांसकट जमलेल्या सगळ्या प्रजेसमोर कबूल केलं की आमच्यात बळ नाही, काय करावं ते सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (२ इतिहास २०:१२). राजाने हे चारचौघांत म्हटलं, मग तुम्ही-आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात म्हणायला काय हरकत?

पाण्यात बुडताना येशूचा शिष्य पेत्र याने केलेली प्रार्थना तर एका दमात संपते: प्रभूजी, मला वाचवा (मत्तय १४:३०). शब्द शोधायला त्याला सवड नव्हतीच. अगदी हुंदक्याशिवाय काही फुटत नसेल, तर पवित्र आत्मा आपल्या उसाशांतूनही विनवणी करतो, असं प्रेषित पौल लिहितो (रोम ८:२६).

तरीही आधाराला चार ओळी हव्या असतील तर या घ्या आणि तुमचं दुःख त्यात भरा: “प्रभू येशू, मी आज खचून गेलो आहे. अमुक गोष्टीची मला भीती वाटते. माझ्या हातात काही उरलं नाही. मला अमुक दे. माझ्यावर दया कर आणि मला एकटं सोडू नकोस. आमेन.” ‘अमुक’च्या जागी खरं नाव, खरा आकडा, खरा आजार घाला. गोल गोल बोलू नका.

२. नम्रपणे मागा म्हणतात. म्हणजे स्वतःला नालायक, किडा-मुंगी म्हणत मागायचं का?

नाही. हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

येशूने परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांनी पापी ठरवलेला करवसुली करणारा) यांची गोष्ट सांगितली (लूक १८:९-१४). परूश्याने आपल्या उपवासांचा आणि दशमांशाचा हिशेब देवापुढे मांडला. जकातदार लांब उभा राहिला, वर बघायचीही त्याची हिंमत होईना, छाती बडवत एवढंच म्हणाला की हे देवा, मज पाप्यावर दया कर. घरी जाताना नीतिमान ठरला तो जकातदार. त्याने स्वतःविषयी खरं तेच सांगितलं आणि बाकी सगळं देवाच्या दयेवर टाकलं. नम्रता इतकीच. माझ्याकडे देवाला दाखवायला काही नाही, आणि तरीही मी आलो आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांनी गावकुसाबाहेरचं जिणं पाहिलं आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, तिथे आलेल्यांत अशी कुटुंबं पुष्कळ होती. आजा-पणजाला वाड्यासमोर चपला हातात घेऊन चालावं लागलं, सावकारापुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं. अशा घरातल्या माणसाला ‘देवापुढे लीन हो’ म्हटलं की जुनी जखम ठसठसते. त्यांना आम्ही ठामपणे सांगतो की देव त्या वाड्यातला मालक नव्हे. मालकाला तुमची मान खाली हवी होती. येशू वाकलेल्यांना उभं करत होता, अठरा वर्षं कुबडी झालेल्या बाईला त्याने सरळ उभं केलं आणि तिला अब्राहामाची कन्या म्हटलं (लूक १३:१०-१७).

आणि नम्र माणूस गप्प बसतो असंही नाही. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडायला लागला तेव्हा लोकांनी त्याला दटावलं. तो आणखी मोठ्याने ओरडला. येशू थांबला, त्याला बोलावलं आणि विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं (मार्क १०:४६-५२). भिकाऱ्याला कोणी असं विचारतं का? दया मागणारा बार्तीमय पुरता नम्र होता, आणि गप्प बसायला साफ तयार नव्हता.

३. गुडघे टेकलेच पाहिजेत का? डोक्यावर पदर, बंद डोळे, ठरावीक वेळ?

जमत असेल तर जरूर. शरीर वाकलं की मनही हळूहळू वळतं, हा पुष्कळांचा अनुभव आहे. पण घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेर चादर अंथरून बसलेल्या माणसाला गुडघे टेकायला जागा कुठून मिळणार? एका हातात औषधाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात डबा, कान आतून कधी नाव पुकारतील तिकडे लागलेले. तिथे उघड्या डोळ्यांनी, जिन्यावरून धावत मेडिकल गाठताना केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच. नहेम्याने राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी उभ्या उभ्या मनात प्रार्थना केली होती (नहेम्या २:४).

४. एरवी मी चर्चला फक्त नाताळला जातो. आता गळ्याशी आल्यावर कोणत्या तोंडाने देवाकडे जाऊ?

ज्या तोंडाने योना संदेष्टा गेला, त्याच तोंडाने. तो देवाला पाठ दाखवून पळाला होता आणि माशाच्या पोटात गेल्यावर त्याने प्रार्थना केली. देवाने ‘आता आठवण झाली का’ असं विचारलं नाही, ऐकलं. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराकडे तर सुधारायला एक दिवसही नव्हता. माझी आठवण ठेव, एवढंच तो म्हणाला आणि त्याला त्याच दिवसाचं वचन मिळालं (लूक २३:४२-४३).

लाज वाटते ती वाटू द्या, तीही देवाला सांगा. संकट टळल्यावर पुन्हा विसरून जाऊ का, ही भीती खरी असेल तर तीसुद्धा त्याच प्रार्थनेत घाला. फक्त ‘आधी सहा महिने नीट वागतो, मग मागतो’ असं ठरवू नका. येशूच्या गोष्टीतल्या, बापाचा पैसा उडवून परत आलेल्या उधळ्या पुत्राने अंघोळ करून, नवे कपडे घालून घर गाठलं नव्हतं.

५. आम्ही ख्रिस्ती नाही. शेजारीण म्हणाली येशूकडे माग. आम्ही मागितलं तर चालेल का? धर्म बदलावा लागेल का?

मागा. शुभवर्तमानात येशूने ज्यांच्या विश्वासाचं सगळ्यांत जास्त कौतुक केलं ती दोन माणसं बाहेरची होती. एक रोमी शताधिपती आणि दुसरी आपल्या लेकीसाठी येशूचा पिच्छा न सोडणारी कनानी बाई (लूक ७:१-१०, मत्तय १५:२१-२८). ‘तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही’ हे त्या शताधिपतीचे शब्द. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याआधी सगळी मंडळी आजही त्याच अर्थाचं वाक्य म्हणते. एका परक्या शिपायाची प्रार्थना पुढे अख्ख्या ख्रिस्तसभेची झाली.

‘आधी बाप्तिस्मा घ्या, मगच काम होईल’ असं कोणी म्हणत असेल तर ते शुभवर्तमानाला धरून नाही. प्रार्थनेला अट नसते आणि बाप्तिस्मा ही फी नव्हे. पुढे येशूविषयी जास्त जाणून घ्यावंसं वाटलं तर तो तुमचा प्रश्न, सवडीने आणि मोकळ्या मनाने घ्यायचा.

६. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. बायबलची भाषा तिला जड जाते. ती चुकीची प्रार्थना करत असेल का?

आई जी भाषा लेकरांना हाका मारायला वापरते, तीच देवाशी वापरू द्या. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं घालवून हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल साध्या मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बायांनाही कळावं म्हणूनच. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगात ओतली, कारण हा छंद इथल्या माणसाच्या कानात आधीपासून होता. तुमच्या आईला जात्यावरच्या ओवीच्या चालीत येशूला आळवावंसं वाटलं तर आळवू द्या. तिला वाचता येत नाही म्हणता ना? मग रोज रात्री एक स्तोत्र तुम्ही वाचून दाखवा. १३० वं घ्या, लहान आहे, खोल गाळात रुतलेल्या माणसाचं आहे. चार दिवसांत तिला पाठ होईल.

७. आम्ही ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने फडावर. चर्च नाही, पाळक नाही, रविवारही नाही. देव आमचं ऐकतो का?

बीडकडच्या कोयत्यांकडून, म्हणजे ऊसतोड जोडप्यांकडून, दर दिवाळीनंतर हा प्रश्न येतो. रात्री गाडी भरायला उठायचं, दिवसभर मोळ्या बांधायच्या, कोपीत चूल पेटवायची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत मुकादमाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. तिथे बसून उपासना कुठून होणार?

इस्राएल लोक मिसरात विटा थापत होते, त्यांनाही शब्बाथ (विसाव्याचा दिवस) नव्हता आणि मंदिर नव्हतं. बायबल म्हणतं की गुलामगिरीने ते कण्हले, आक्रोश वर गेला आणि देवाने ऐकलं (निर्गम २:२३-२५). त्यांनी ठरवून प्रार्थना केली असंही तिथे लिहिलेलं नाही, त्यांचं कण्हणंच पोहोचलं.

करता येण्यासारखं एक सुचवतो. टोळीत दोन-तीन ख्रिस्ती घरं असतील तर झोपण्याआधी सगळ्यांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढं म्हणा. त्यात भाकर आहे, माफी आहे, वाइटापासून सुटका आहे. फडावर याहून जास्त काय लागतं? लेकरांना गावी आजीकडे ठेवलं असेल तर त्या वेळी त्यांनाही तिकडे तेच म्हणायला सांगा.

८. नवस बोलू का? काम झालं तर अमुक करीन असं देवाला सांगितलं तर चालतं का?

आपल्याकडे नवसाची हवा घराघरात आहे, ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. बायबलातही नवस आहेत. याकोबाने केला, हन्नाने केला. पण इफ्ताहाने युद्ध जिंकण्यासाठी घाईघाईने बोललेला नवस त्याच्याच एकुलत्या एका लेकीवर उलटला (शास्ते ११), आणि उपदेशकाचा सल्ला असा की बोलून फेडायचं नसेल तर बोलूच नये (उपदेशक ५:४-५).

आमचं मत स्पष्ट आहे. देवाला लाच म्हणून नवस नको. तो विकत घेता येत नाही, आणि संकटातल्या माणसाने आणखी एक कर्ज डोक्यावर का घ्यावं? एका ताईंनी मुलगा बरा झाला तर गावजेवण घालीन म्हटलं होतं. मुलगा बरा झाला, आता त्या व्याजाने पैसे काढायला निघाल्या होत्या. त्यांना आम्ही सांगितलं की पाळकांशी बोला, ऐपतीप्रमाणे घरच्या घरी उपकारस्तुती करा, सावकाराच्या दारात जाऊ नका.

हन्नाचा नवस वेगळा वाटतो. तिने मुलगा मागितला आणि तोच देवाला देईन म्हणाली. तिच्याविषयी आणखी प्रश्न १२ मध्ये. नोव्हेना म्हणजे नवस का, असंही विचारतात. नऊ दिवसांची ती चिकाटीची प्रार्थना आहे, सौदा नाही. एखादा दिवस चुकला म्हणून ती ‘फुकट’ जात नाही.

९. उपवास केल्याने प्रार्थना लवकर ऐकली जाते का?

उपवासाने देवाचा हात पिरगाळता येत नाही. मन एकाग्र करायला, लीन व्हायला मदत होते, म्हणून करावा, आणि गाजावाजा न करता (मत्तय ६:१६-१८). मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांनी जेवण सोडू नये. मोबाईल सोडा, चहा सोडा, त्या वेळात प्रार्थना करा.

१०. पाऊस, सोयाबीनचा भाव, कर्ज, मुलाचा नीटचा निकाल, असल्या गोष्टी देवाकडे मागाव्यात का? की फक्त आत्मिक मागावं?

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर आहे. ज्याला भाकरीत लक्ष आहे त्याला सोयाबीन कळतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मांजरा, सिंदफणा, गोदावरीच्या काठची शिवारं पाण्याखाली गेली. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना जागेवर कोंब फुटले, कुठे जमिनीवरची मातीच वाहून गेली. तेव्हा एका शेतकरी भावाने विचारलं होतं की दरसाल पाऊस मागायचो, आता पाऊस थांबव म्हणून मागू का, देव काय म्हणेल? मागा. एलीया संदेष्ट्याने पाऊस मागितला तेव्हा सेवकाला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवलं, सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसला (१ राजे १८:४१-४५). ऊन मागण्यातही तीच चिकाटी चालते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, प्रार्थना करून पंचनाम्याला गैरहजर राहू नका. तलाठ्याकडे खेटे घाला, कागद पूर्ण करा, बँकेत जाऊन पुनर्गठनाचं विचारा. हे अविश्वासाचं लक्षण नाही. दुसरी, पीक गेल्यावरची प्रार्थना बायबलात लिहून ठेवलेली आहे. हबक्कूकच्या शेवटी (३:१७-१९) अंजिराला कळी नाही, द्राक्षवेल रिकामी, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरीही संदेष्टा देवाला धरून राहतो. दुष्काळी गावात हे वाचताना आवाज कापतो. ज्या दिवशी ते म्हणवणार नाही, त्या दिवशी म्हणू नका. शेजारच्याला म्हणू द्या.

निकालाचं थोडक्यात. लातूरला शिकणाऱ्या मुलांनो, पेपर झाल्यावर ‘उत्तरं बदलू दे’ अशी प्रार्थना करायची नसते. निकाल काहीही लागला तरी घरी जायची आणि खरं सांगायची हिंमत मागा. आई-बापांनो, ही हिंमत लेकराला देवाआधी तुमच्याकडून मिळायला हवी.

११. रोज तेच तेच मागतो. हा अविश्वास तर नाही? एकदा मागून सोडून द्यावं असं एक पाळक म्हणाले.

येशूने क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तीन वेळा तीच प्रार्थना केली (मत्तय २६:३९-४४). न्यायाधीशाला भंडावून सोडणाऱ्या विधवेची गोष्टही त्यानेच सांगितली, तीही खचू नये म्हणून (लूक १८:१-८). कोर्टाच्या तारखांना खेटे घालून ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांना ती बाई लगेच कळते.

येशूने नको म्हटली ती निरर्थक बडबड, शब्द वाढवले की देव ऐकेल या समजुतीने केलेली (मत्तय ६:७). तुमचं दुःख रोज ताजं असेल तर रोजची प्रार्थनाही ताजीच आहे. ‘एकदा मागून सोडून द्या’ हे कोणाला मानवत असेल तर त्याने तसं करावं, नियम म्हणून ते सगळ्यांवर लादू नये.

१२. मी देवावर चिडलो. प्रार्थनेत नको ते बोललो. पाप झालं का?

स्तोत्र ८८ उघडून बघा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ईयोबाने देवाला कोर्टात खेचायची भाषा केली. शेवटी देवाने रागावून सुनावलं ते देवाची बाजू घेऊन ईयोबाला दोषी ठरवणाऱ्या मित्रांना (ईयोब ४२:७). आणि येशूने क्रुसावरून ‘माझा त्याग का केलास’ असं विचारलं, ते २२ व्या स्तोत्राचे शब्द.

हन्ना मंदिरात इतकी तळमळून ओठ हलवत होती की एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. ती म्हणाली की मी प्यालेली नाही, परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे (१ शमुवेल १). याजकाचा गैरसमज झाला, देवाचा झाला नाही. रागावून का होईना, तुम्ही त्याच्याशी बोललात. तोंड फिरवून गप्प बसण्यापेक्षा ते बरं. जिभेवर जे आलं त्याबद्दल वाईट वाटत असेल तर क्षमा मागा आणि पुढे बोलत राहा.

१३. जगावंसं वाटत नाही. असा विचार येणं म्हणजे देवाने सोडलं का?

नाही, देवाने सोडलेलं नाही. पण हे वाचत बसण्याआधी कोणाला तरी सांगा. शेजारच्या माणसाला आत बोलवा, एकटे राहू नका. फवारणीचं औषध, दोरी, जे काही जवळ असेल ते घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसा-रात्री केव्हाही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२.

आता एलीयाबद्दल. प्रश्न १० मध्ये पाऊस आणणारा तोच हा संदेष्टा. पुढच्याच अध्यायात तो एका झुडपाखाली बसून म्हणतो की परमेश्वरा, पुरे झालं, माझा प्राण घे (१ राजे १९). देवाने त्याला बोल लावला नाही. आधी झोपू दिलं. देवदूताने उठवून गरम भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्याच्याही पुढे, कितीतरी दिवसांनी झालं. तुम्हाला आत्ता मोठी प्रार्थना करायची गरज नाही. पाणी प्या, दोन घास खा, ‘प्रभू, मला धरून ठेव’ एवढं म्हणा आणि डॉक्टरांना भेटा. मनाचा आजार हा आजारच आहे, त्याला गोळ्या असतात.

ज्यांच्या घरात कोणी आधीच जीव दिला आहे ते विचारतात की त्यांच्यासाठी प्रार्थना करावी का. कॅथलिक धर्मशिक्षणात स्पष्ट म्हटलं आहे की अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थनेची रीत नसते, पण मागे राहिलेल्यांना जवळ घेऊन त्या माणसाला देवाच्या दयेवर सोपवता येतं. अशा घराकडे मंडळीने पाठ फिरवू नये, ही आमची हात जोडून विनंती.

१४. चंगाई सभेत औषध बंद करायला सांगितलं. घेतलं तर विश्वास कमी पडेल म्हणाले.

औषध बंद करू नका. क्षयाच्या गोळ्या, शुगर, बीपी, फीट, मनाचे आजार, कशाचंच नाही. बंद करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं नव्या करारातला याकोब आपल्या पत्रात लिहितो (याकोब ५:१४). औषध फेकून द्या असं तो कुठेही म्हणत नाही. हिज्कीया राजाला देवाने बरं करायचं कबूल केलं, तरी गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच (यशया ३८:२१). शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रार्थनेने बरं वाटलं तर देवाचे आभार माना आणि तपासणी करून घ्या, खरं बरेपण तपासणीला घाबरत नाही.

१५. प्रार्थनेसाठी पैसे मागतात. द्यावेत का?

चर्चच्या कामाला ऐपतीप्रमाणे दान द्या. पण अमुक रकमेला अमुक आशीर्वाद असा दर असेल तर उठून या. शिमोन नावाच्या जादूगाराने पैसे देऊन देवाचं दान विकत घ्यायला पाहिलं तेव्हा पेत्राने त्याला खडसावलं (प्रेषितांची कृत्ये ८:१८-२०). फुकट मिळालं ते फुकट द्या, ही येशूची आज्ञा (मत्तय १०:८).

१६. नवरा दारू पिऊन मारतो. नम्र हो, सहन कर, प्रार्थना कर, असं मला सांगितलं गेलं.

ताई, आधी सुरक्षित जागी जा. माहेर, शेजार, बहिणीचं घर, कुठेही. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्यासाठी आहे. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद भिंतीला टेकून प्रार्थना करत बसला नाही, त्याच रात्री पळाला (१ शमुवेल १९:१०). नंतर शौल हाती सापडला तेव्हा त्याने त्याला मारलंही नाही. पळणं आणि क्षमा, दोन्ही एकाच माणसाने केलं. नवऱ्यासाठी प्रार्थना लांबून करता येते, देवाला अंतर पडत नाही. नम्रतेविषयी वर प्रश्न २ मध्ये लिहिलं आहे, ते तुमच्या घरच्यांनाही वाचायला द्या.

१७. सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी आमचं माणूस गेलं. आमचा विश्वास कमी पडला का?

असं तुम्हाला कोणी म्हटलं असेल तर त्यांच्या वतीने वाईट वाटतं. नाही, तसं नाही.

पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे (२ करिंथ १२:७-९). पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? गेथशेमानेत खुद्द येशूने हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं आणि तो टळला नाही. दाविदाने लेकरासाठी सात दिवस उपाशी जमिनीवर लोळण घेतली, लेकरू गेलं.

मग ही कसली शिक्षा, असंही विचारतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपाने झोपेत गाडली गेली, हजारो माणसं गेली. लातूर-धाराशिवकडच्या जुन्या माणसांनी तेव्हा ऐकलं असेल की पाप वाढलं म्हणून झालं. येशूपुढे असाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त अपराधी होती? ‘नाही’ असं तो म्हणाला (लूक १३:४-५). मेलेल्यांचा न्याय करायचं त्याने साफ नाकारलं. किल्लारीत घरं पडली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद यांमुळे, हे तर पुढे सगळ्यांना कळलं.

मग प्रार्थनेचा उपयोग काय झाला? या प्रश्नाला आमच्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि मातीच्या दिवशी ते कोणी देऊही नये. लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला, त्याला उठवायला आला होता तरी रडला. तुम्हीही रडा. पुनरुत्थानाची आशा आमच्या विश्वासाचा कणा आहे, पण ती रडणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरायची नसते.

१८. आता विश्वासच उरला नाही. तरी प्रार्थना करू का?

करा. आजारी मुलाच्या बापाने येशूला सांगितलं: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४). दोन्ही एका वाक्यात. मुलगा बरा झाला. तेवढंही म्हणवत नसेल तर दुसऱ्याला तुमच्यासाठी म्हणू द्या. पक्षाघात झालेल्याला चौघांनी छपरातून खाली सोडलं, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला (मार्क २:५).

१९. प्रार्थना ऐकली गेली! चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे. काय काळजी घ्यावी?

ऐकून फार आनंद झाला. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला तो एकच (लूक १७:११-१९), म्हणून साक्ष जरूर द्या. जे झालं तेवढंच सांगा, वाढवून सांगू नका. डॉक्टर, नर्स, रक्त देणारी पोरं, उसने पैसे देणारा शेजारी, यांचेही आभार त्याच साक्षीत माना. त्याच बाकावर कदाचित असं कोणी बसलेलं असेल ज्याचं माणूस त्याच आजाराने गेलं, तेव्हा ‘विश्वास ठेवला म्हणून वाचला’ असं वाक्य टाळा. साक्ष दुसऱ्याच्या आजाराची असेल तर आधी त्याला विचारा, विशेषतः एचआयव्ही, मनाचे आजार, मूल न होणं अशा बाबतींत. आणि रेकॉर्डिंग करून गटावर टाकायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या.